झटक्याकडून ठोक्याकडे

१७५०च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका मुद्रकाच्या घरी अर्धांगवायूचे रोगी येऊ लागले. पेनसिल्व्हेनियाच्या वेगवेगळ्या भागांतून आणि शेजारच्या प्रांतांतूनही लोक आपापली माणसं घेऊन यायचे. मुद्रकाचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. विजेवरच्या त्याच्या प्रयोगांचा बोलबाला झाला होता आणि युरोपात लुळे हातपाय विजेनं बरे होतात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. फ्रँकलिन वैद्य नव्हता. लोकांनी गळ घातली म्हणून तो हे उपचार करत होता.

रोग्याला विद्युतरोधक बैठकीवर खुर्चीत बसवायचं आणि लुळ्या अवयवातून मोठमोठ्या ठिणग्या काढायच्या. मग प्रत्येकी सहा गॅलन मावतील अशा दोन काचेच्या बरण्या विजेनं भारायच्या आणि दोन्हींचा मिळून एक झटका त्या हातातून किंवा पायातून सोडायचा. बहुतेकांना दिवसातून तीनदा. लुळा भाग ऊबदार व्हायचा. रात्री टोचल्यासारखं वाटलं, असं रोगी दुसऱ्या दिवशी सांगायचे. एका माणसाला पहिल्या दिवशी गुडघ्यावरचा हात उचलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो चार-पाच इंच वर गेला, तिसऱ्या दिवशी आणखी वर, आणि पाचव्या दिवशी त्यानं कसाबसा का होईना, त्याच हातानं डोक्यावरची हॅट काढली. त्या घरात केवढा आनंद झाला असेल! पण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबली. झटके मात्र तेवढेच लागत. रोगी खचले, घरी गेले आणि थोड्याच दिवसांत होते तसे झाले.

हे सगळं फ्रँकलिननं २१ डिसेंबर १७५७ रोजी जॉन प्रिंगल या डॉक्टरला पत्रानं कळवलं. कायमचा गुण आलेला एकही अर्धांगवायू आपण पाहिला नाही, असं त्यात साफ लिहिलं आहे. पुढे त्यानं आणखी एक शंका काढली आहे. जी काही तात्पुरती सुधारणा दिसली, ती विजेची होती, की प्रवासामुळे आणि रोज आपल्या घरापर्यंत येण्यामुळे झालेल्या व्यायामाची? की बरं होण्याच्या आशेनं आलेल्या उभारीची? विजेच्या औषधी वापराच्या इतिहासात मला हे पत्र सर्वांत मोलाचं वाटतं. ज्या माणसाचं नाव विजेमुळेच जगभर झालं, त्यानंच आपल्या हातून गुण आला नाही हे लिहून ठेवलं.

या पत्राकडे दीडशे वर्षं फार थोड्यांनी लक्ष दिलं. त्या काळात विजेचं जे जे यंत्र दवाखान्यात आलं, त्याच्या मागे बहुधा एकच समजूत होती: वीज म्हणजे शक्ती, आजारी माणसाची शक्ती उणी झालेली असते, तेव्हा बाहेरून भरली की झालं. या समजुतीवर बांधलेली यंत्रं जवळजवळ सगळी निकामी ठरली. ज्यांनी पुढे खरोखर माणसं वाचवली, त्यांच्यात वीज अगदी नगण्य असते. ती शरीराला बळ देत नाही, नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी एक इशारा देते. हा बदल कसा घडला, त्यात कुणाची फसगत झाली आणि कुणाचे हाल झाले, हे आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण शक्ती भरणारी यंत्रं आजही आपल्या घरांत येतच आहेत.

०००

विजेचा उपचार विजेच्या यंत्राहून कितीतरी जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं डोकेदुखी आणि पायाच्या संधिवातावर टॉर्पेडो हा झटका देणारा चपटा मासा सांगितला. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत जिवंत मासा पायाखाली घ्यायचा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईपर्यंत उभं राहायचं. वेदना काही वेळ खरोखर कमी होत असणार. त्याचं कारण कळायला मात्र १९६५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी, कातडीवरून येणाऱ्या दुसऱ्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकतात, असा सिद्धान्त मांडला. कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीला जाणाऱ्याला चिकट पॅड लावून मुंग्या आणणारा जो ‘करंट’ देतात, त्याच्या मागे हाच विचार आहे.

१७४५-४६मध्ये वीज साठवणारी लेडन बरणी हाती आली आणि झटका कुठेही, कुणालाही देता येऊ लागला. फ्रान्समध्ये नोले या पाद्र्यानं हातात हात धरून उभ्या केलेल्या १८० सैनिकांतून राजासमोर एकच झटका सोडला. सगळे एकदम उडाले. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली गोरगरिबांना लंडनमध्ये विनामूल्य झटके देऊ लागला आणि १७६०मध्ये त्यानं या विषयावर पुस्तकही काढलं. वेस्लीबद्दल मला आदर वाटतो. महागडी औषधं न परवडणाऱ्या माणसाला काहीतरी मिळावं, ही त्याची कळकळ खरी होती. पण गुण आला त्यांची नोंद झाली, परत न आलेल्यांची झाली नाही.

ही उणीव भरून काढणारा प्रयोग घडला तो इंग्लंडमधल्या बाथ या गावी. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातले डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६मध्ये दोन लहान धातूच्या सळ्यांचं पेटंट घेतलं होतं. प्रत्येक सळई जेमतेम तीन इंचांची, एक पितळी रंगाची, दुसरी चंदेरी, एका टोकाला निमुळती. दुखऱ्या जागेवरून ती ओढत न्यायची, म्हणजे शरीरात साठलेला अपायकारक विद्युतप्रवाह बाहेर खेचला जातो, असा दावा होता. कनेक्टिकटच्या वैद्यकीय संस्थेनं त्यांना १७९७मध्ये काढून टाकलं, पण त्यांच्या मुलानं लंडनला दुकान थाटलं आणि जोडीला पाच गिनी घेऊ लागला. धनिकांच्या घरोघरी सळ्या गेल्या.

बाथचे डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या तशाच सळ्या करवून घेतल्या, वरून रंग देऊन हुबेहूब धातूसारख्या दिसतील अशा. जानेवारी १७९९मध्ये जुन्या संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अस्सल धातूच्या सळ्या फिरवल्या, तरी निकाल तोच. लाकडातून वीज वाहत नाही. चौघं खोटं बोलत नव्हते, त्यांचं दुखणं खरंच हलकं झालं होतं. हेगार्थ यांनी यावर १८००मध्ये पुस्तिका काढली आणि कल्पनाशक्ती रोग आणू शकते तसा घालवूही शकते, असं त्यात मांडलं. नव्या औषधाची परीक्षा करताना निम्म्या रोग्यांना आज बिनऔषधाची गोळी देतात, त्या पद्धतीच्या आरंभीच्या नमुन्यांत या लाकडी सळ्या मोडतात. फ्रँकलिनला पडलेल्या शंकेचं उत्तर शोधायची वाट त्यांनी दाखवली. सळ्यांचा खप तरीही काही वर्षं चालूच होता.

०००

याच सुमाराला इटलीत बोलोन्याला लुइजी गॅल्वानी बेडकाच्या पायांवर प्रयोग करत होते. दोन धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय उडतो, हे त्यांनी १७९१मध्ये प्रसिद्ध केलं. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असं त्यांचं म्हणणं होतं. ती धातूंच्या संपर्कातून येते, असं म्हणणाऱ्या व्होल्टा यांनी त्या वादातूनच १८०० साली बॅटरी तयार केली. गॅल्वानींचा भाचा आल्दिनी यानं जानेवारी १८०३मध्ये लंडनला, नुकत्याच फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर या कैद्याच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. पाहणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल! मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८मध्ये आली ती अशा प्रयोगांची चर्चा मुरलेल्या इंग्लंडमध्ये. त्या कादंबरीचा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी निघतो.

बॅटरी आली आणि वीज अंगावर घालता येऊ लागली. १८५०च्या सुमाराला पुल्व्हरमाखर यांची ‘हायड्रो-इलेक्ट्रिक’ साखळी बाजारात आली. लाकडाच्या बारीक कांड्या, प्रत्येकीवर तांब्याची आणि जस्ताची तार एकमेकींना न शिवता गुंडाळलेली, कड्यांनी एकीला दुसरी जोडलेली. साखळी व्हिनेगरमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कमरेला, गळ्याला किंवा दंडाला बांधायची. प्रत्येक कांडी म्हणजे एक चिमुकली बॅटरी. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीतला औषधविक्या ओमे अशाच साखळ्या अंगावर बांधून मिरवतो, इतक्या त्या घरोघरी पोचल्या होत्या.

मग पट्टे आले. जस्ताच्या आणि तांब्याच्या चकत्या कापडात शिवलेले. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सी. बी. हार्नेस याचं ‘इलेक्ट्रोपॅथिक’ पट्ट्यांचं मोठं दुकान होतं आणि जाहिरातींना सुमार नव्हता. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला विजेच्या तंत्रज्ञांनी आणि वर्तमानपत्रांनी पाठपुरावा करून त्याचं पितळ उघडं पाडलं, तोवर असंख्यांनी पैसे मोजले होते. अमेरिकेत सीअर्स रोबक या टपालविक्रीच्या कंपनीनं आपल्या सूचीपत्रात ‘हायडलबर्ग’ पट्टा विकला. त्यातल्या ‘जायंट पॉवर’ या सर्वांत जोरदार प्रकाराची किंमत १८ डॉलर होती. चकत्यांखालची कातडी जळजळायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, वीज आत चालली आहे.

हे पट्टे कुणासाठी होते ते जाहिराती वाचल्या की कळतं. थकलेले, झोप न लागणारे, आणि सर्वांत जास्त म्हणजे आपलं पुरुषत्व ओसरत चाललंय या भीतीनं पोखरलेले तरुण. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९मध्ये ‘न्यूरास्थेनिया’ ही मज्जातंतूंच्या दुबळेपणाची कल्पना पुढे आणली होती, म्हणजे भीतीला शास्त्रीय नावही मिळालं होतं. पट्ट्याला पुढे लोंबती पिशवी असायची, ती कशासाठी हे सांगायला नको. आपल्याकडे धातुदौर्बल्य आणि गुप्तरोगाच्या जाहिरातींनी रेल्वेमार्गालगतच्या भिंती वर्षानुवर्षं रंगलेल्या आहेत. त्या वाचणारा मुलगा आणि टपालानं गुपचूप पट्टा मागवणारा शिकागोचा कारकून यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघांनाही कुणाजवळ बोलायची सोय नव्हती आणि दोघांच्याही लाजेवर कुणीतरी दुकान मांडलं.

विजेच्या नावाची ही मोहिनी इतकी होती की, बोलोन्याच्याच काउंट मात्तेई यांनी वनस्पतींच्या अर्कांना तांबडी, पिवळी, निळी ‘वीज’ अशी नावं देऊन इलेक्ट्रोहोमिओपॅथी उभी केली. त्यात विजेचा थेंबही नव्हता. ही पद्धत भारतात आली आणि टिकली. केंद्र सरकारनं अधिकृत वैद्यकपद्धती म्हणून तिला मान्यता दिलेली नाही, तरी महाराष्ट्रात तिच्या पाट्या आजही दिसतात.

०००

पट्ट्यांत पैसा गेला. पहिल्या महायुद्धात विजेनं त्याहून मोठी किंमत वसूल केली. खंदकांतून परतलेले कितीतरी सैनिक मुके झाले होते, थरथरत होते, त्यांना चालता येत नव्हतं आणि जखम तर कुठेच नव्हती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात डॉक्टर लुइस येलंड यांनी त्यांच्यावर जोरदार विद्युतप्रवाह वापरला. त्यांनी स्वतःच १९१८च्या आपल्या पुस्तकात एका २४ वर्षांच्या सैनिकाची हकिगत दिली आहे. मॉन्सपासून गॅलिपोलीपर्यंतच्या लढाया करून तो नऊ महिने मुका होता. त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं, दार बंद केलं, बोलल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही असं सांगितलं आणि घशाच्या मागच्या बाजूला तारा लावून झटके द्यायला सुरुवात केली. चार तासांनी तो बोलला. येलंड यांनी ही हकिगत यशोगाथा म्हणून लिहिली. मला ती वाचवत नाही. शक्ती भरण्याच्या कल्पनेत रोग्याची संमती हा प्रश्नच निघत नाही, आणि ती कल्पना इथपर्यंत येऊन पोचते.

‘शॉक ट्रीटमेंट’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते सिनेमातले विजेचे झटके मात्र वेगळे. रोममध्ये एप्रिल १९३८मध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी, रेल्वे स्टेशनवर असंबद्ध बोलत भटकणाऱ्या एका माणसावर ते प्रथम वापरले. मेंदूत आकडी आणली तर काही मनोविकार निवळतात, अशी तेव्हा समजूत होती आणि आकडी आणायला वीज सोयीची होती. खाटीकखान्यात डुकरांना कापण्याआधी विजेनं बेशुद्ध करतात, तरी ती त्या झटक्यानं मरत नाहीत, हे पाहून चेर्लेत्ती यांना धीर आला होता. सुरुवातीला भूल नव्हती, आकडीत हाडं मोडायची. इशारा आणि शक्ती ही मी वर केलेली वाटणी या उपचाराला नीट लागू पडत नाही. इथे वीज फक्त आकडी आणते, काम करते ती आकडी. भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात, विशेषतः रोगी अन्नपाणी सोडतो आणि स्वतःच्याच जिवावर उठतो तेव्हा, आजही माणसं वाचवतो. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९५व्या कलमानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता झटके देण्यावर बंदी घातली. हे कलम यायला फार उशीर झाला, पण आलं हे चांगलं झालं.

०००

आता हृदयाकडे येऊ. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचेनासा झाला की ठोके मंदावतात, माणूस भोवळ येऊन कोसळतो. १९५२मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीच्या कातडीवर तारा लावून असं हृदय ५२ तास चालवून दाखवलं. त्यासाठी विजेचा दाब इतका लागायचा की छातीचे स्नायू आक्रसायचे आणि कातडी भाजायची. मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात छिद्रं शिवायचे, तेव्हा कधीकधी टाक्यांमुळे इशाऱ्याचा हा मार्ग बंद व्हायचा. त्यांनी १९५७मध्ये एक बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूत बसवली आणि थोड्याच दाबावर काम भागू लागलं. यंत्र मात्र भिंतीतल्या प्लगला जोडलेलं. मुलाला हलवायचं तर वायर सोबत न्यायची.

३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहरातली वीज गेली आणि त्यात लिलेहाय यांचा एक छोटा रुग्ण दगावला. लिलेहाय यांनी अर्ल बॅकेन या तरुण तंत्रज्ञाला बॅटरीवर चालणारं काहीतरी करून द्यायला सांगितलं. बॅकेननं गॅरेजमध्ये यंत्रदुरुस्तीचा धंदा उघडला होता. त्याला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातली मेट्रोनोमची जोडणी आठवली. गाणाऱ्यांना लय धरून देणारं हे यंत्र टकटक करतं, तोच ठेका हृदयाला द्यायचा. साधारण चार आठवड्यांत त्यानं मुलाच्या अंगावर बांधता येईल अशी छोटी डबी बनवली. लहानपणी १९३१चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ सिनेमा पाहून आपल्याला विजेचं वेड लागलं, असं बॅकेन नेहमी सांगत. गॅल्वानींच्या बेडकापासून आल्दिनी, मेरी शेली आणि त्या सिनेमावरून हा धागा एका आजारी मुलाच्या छातीपर्यंत आला.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमधल्या कारोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी शरीराच्या आत राहणारा पहिला पेसमेकर, म्हणजे हृदयाला असा ठेका देणारं यंत्र, बसवला. रुग्ण आर्ने लार्सन, वय ४३. दिवसातून वीस-तीस वेळा त्यांचं हृदय थबकायचं. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट या दोघांचा पिच्छाच पुरवला, यंत्र अजून तयार नाही हे उत्तर त्यांनी मानलंच नाही. एल्मक्विस्ट यांनी सर्किट बूटपॉलिशच्या डबीत ठेवून त्यावर इपॉक्सी ओतलं, म्हणून त्या पेसमेकरचा आकार डबीचाच राहिला. तो काही तासांतच बंद पडला, मग जोडीला केलेला दुसरा बसवला. लार्सन यांना पुढच्या आयुष्यात एकूण २६ पेसमेकर लागले. २००१मध्ये, ८६व्या वर्षी ते गेले ते कर्करोगानं. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही हयात नव्हते.

पुण्यातल्या एका रुग्णालयात पेसमेकरच्या तपासणीला मी बसलो होतो. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर खाटेवर आडवे, सदऱ्याची वरची बटणं उघडी. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली चपटा उंचवटा. तंत्रज्ञ मुलीनं त्यावर हाताच्या पंज्याएवढं एक उपकरण ठेवलं आणि पडद्यावर ठोके उमटू लागले. “काका, आता जरा गरगरल्यासारखं होईल, घाबरू नका,” असं म्हणत ती व्होल्टेज पायरीपायरीनं उतरवत गेली. दोन, दीड, एक, पाऊण. प्रत्येक इशाऱ्यामागे हृदयाचा ठोका येत होता. ०.५ला इशारा गेला आणि ठोका आला नाही. पडद्यावर एक बारीक उभी रेघ, तिच्यापुढे काहीच नाही. तिनं लगेच परत वर नेलं. “पाऊण व्होल्टला धरतंय,” असं लिहून तिनं सुरक्षेपुरती वाढ ठेवली आणि बॅटरी आणखी किती वर्षं टिकेल ते काकांना सांगितलं. हा इशारा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ असतो. जोरदार पट्ट्याला जास्त पैसे पडायचे. इथे सगळी कसरत होती कमीत कमी विजेत काम कसं भागेल याची. मात्रा इतकी कमी ठेवता येते, कारण हृदयात इशारा कुठे निघतो, कुठून जातो आणि कुठे अडतो हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे. फ्रँकलिनकडे येणाऱ्यांच्या मेंदूत काय बिघडलंय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

याच रीतीनं पुढे कानातल्या शंखाकृती भागात तारा सरकवून बहिऱ्या मुलांना ऐकू येण्याची सोय झाली. १९८७मध्ये ग्रनोब्लला बेनाबिद यांनी मेंदूच्या खोल भागात तार ठेवून हाताचा कंप थांबवण्याचं तंत्र पुढे आणलं, आणि ते पार्किन्सनच्या रोग्यांना लाभलं.

०००

पेसमेकरची अडचण पैशाची आहे. ती दूर करण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला. पेसमेकर माणसाबरोबर संपत नाही, बॅटरी कधीकधी आणखी कित्येक वर्षांची उरलेली असते. दहन करायचं असेल तर तो आधी काढायलाच हवा, कारण उष्णतेनं बॅटरी फुटते. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांनी असे काढलेले १२१ पेसमेकर दान केले. तपासल्यावर त्यांतल्या ५३ची बॅटरी पुरेशी निघाली. ते निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले. या रुग्णांत जंतुसंसर्ग झाला नाही की यंत्र बंद पडलं नाही, असा निष्कर्ष २०१२च्या एका हृदयविकारविषयक नियतकालिकात छापून आला. हेगार्थ यांच्या वाटेनं जायचं तर एवढ्यावर थांबून चालत नाही, नव्या पेसमेकरशी तुलना हवी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर देशांत तशी तुलना केली. तिचे निष्कर्ष २०२४मध्ये मांडले गेले आणि पुन्हा वापरलेले पेसमेकर नव्यांच्या तोडीचे ठरले.

महाराष्ट्रात दर वर्षी कितीतरी पेसमेकर शरीराबरोबर जळतात किंवा काढून टाकून दिले जातात. पेसमेकर काढण्यासाठी नातेवाइकांची संमती घेतली जाते, तेव्हाच तो दान करणार का हेही त्यांना विचारता येईल. गोळा झालेल्या यंत्रांची तपासणी, निर्जंतुकीकरण आणि प्रत्येक रुग्णाची पुढची नोंद एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयानं उघडपणे हाती घ्यावी. त्यासाठी नियम लागतील, आणि ते करण्याइतका पुरावा आता जमला आहे.